११ उमेदवार, ९० मिनिटं: रेडिओवरच्या महापौर-चर्चेला कोणाला बोलवायचं?

सरोवरकाठ

नमस्कार मंडळी. मी टोरांटोपासून तासाभरावरच्या एका मध्यम आकाराच्या शहरात राहते. इथल्या कम्युनिटी रेडिओवर दर रविवारी सकाळी आम्ही काही जण मिळून मराठी कार्यक्रम करतो. भावगीतं, थोड्या स्थानिक बातम्या, मंडळाच्या सूचना असं त्याचं स्वरूप. यंदा २६ ऑक्टोबरला ऑन्टारियोभर पालिका निवडणुका आहेत आणि आमच्या स्टेशनने महापौरपदाच्या उमेदवारांची चर्चा थेट लावायचं ठरवलंय. चर्चा इंग्रजीतून, सगळ्या शहरासाठी. त्यासाठी नेमलेल्या समितीत मी आहे आणि ‘कोणाला बोलवायचं याचा नियम लिहून आण’ हे काम माझ्याकडे आलंय.

इथे पालिकेच्या निवडणुकीत पक्ष नसतात. २५ मतदारांच्या सह्या आणि २०० डॉलर भरले की महापौरपदासाठी उभं राहता येतं. आत्तापर्यंत ११ जणांनी अर्ज भरलेत. आमच्याकडे ९० मिनिटं आहेत. प्रस्तावना आणि समारोपाची दहा मिनिटं वजा केली तर प्रत्येकाच्या वाट्याला सात मिनिटं येतात, आणि त्यात एकमेकांना उलट प्रश्न विचारणं वगैरे शक्यच नाही.

मॅनेजरांचं म्हणणं, चौघांना बोलवू: सध्याच्या महापौर, दोन नगरसेवक आणि एक मोठे व्यावसायिक. ‘बाकीच्यांना कोण ओळखतं?’ असं ते म्हणाले. मला हे टोचलं. उरलेल्या सात जणांत एक बाई आहेत, त्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करतात. शहराबाहेरच्या गोदामांकडे जाणारी शेवटची बस रात्री साडेदहाला सुटते आणि पाळी संपते बाराला, हा मुद्दा घेऊन त्या पालिकेच्या सभांना सतत येतात. आपल्याकडून शिकायला आलेली कितीतरी मुलं त्या गोदामांत काम करतात आणि हिवाळ्यात उणे पंधरात चालत घरी येतात. हा प्रश्न त्या चौघांपैकी एकानेही अजून उच्चारलेला नाही.

आणि त्याच सात जणांत एक गृहस्थ असेही आहेत की ज्यांच्या वेबसाइटवर घरभाड्यापासून खड्ड्यांपर्यंत सगळ्याला बाहेरून आलेली माणसं जबाबदार आहेत. समितीतले काही जण म्हणतात, सगळ्यांना बोलवलं तर यांनाही माइक द्यावा लागेल.

मोठ्या वाहिन्या हे कसं ठरवतात? किती टक्क्यांची अट असते? कायदा काय सांगतो? कोणी या क्षेत्रात काम केलेलं असेल तर नक्की लिहा.

एडिसनकर

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या चर्चांसाठी हे सोपं केलं होतं. २००० ते २०२० पर्यंत नियम असा: राष्ट्रीय जनमत चाचण्यांत सरासरी १५ टक्के पाठिंबा असेल तर मंचावर, नाहीतर नाही. २०२४ च्या जूनमध्ये अटलांटाला सीएनएनने बायडन-ट्रम्प चर्चा घेतली तेव्हाही तीच अट होती: चार चाचण्यांत १५ टक्के, शिवाय जिंकायला लागणारी २७० इलेक्टोरल मतं मिळू शकतील इतक्या राज्यांत मतपत्रिकेवर नाव. अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर बाहेर राहिले. आकडा असला की वाद घालायला जागा राहत नाही. तुम्हीही एक आकडा ठरवा, म्हणजे तुमच्यावर कोणी पक्षपाताचा आरोप करणार नाही.

सोलापूर_ओटावा

सरोवरकाठ ताई, मी एका वाहिनीच्या निवडणूक डेस्कवर बरीच वर्षं काम केलं आहे आणि नेमकी हीच भांडणं जवळून पाहिली आहेत. एडिसनकर, तुमची माहिती बरोबर आहे, पण तो नियम ताईंच्या शहराला लावू नये असं मला मनापासून वाटतं.

पहिलं कारण व्यवहाराचं. मध्यम शहराच्या महापौरपदासाठी जनमत चाचणी घेतंय कोण? झालीच तर एखादी, तीही चारशे लोकांची. चारशे जणांच्या चाचणीत कोणाला १० टक्के मिळाले तर त्याचा खरा पाठिंबा ७ ते १३ च्या मध्ये कुठेही असू शकतो. त्यावर ‘१० च्या वर आत, खाली बाहेर’ अशी रेघ मारणं म्हणजे नाणं उडवणं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. चाचणीतला आकडा बऱ्याच अंशी ओळखीचा आकडा असतो, आणि ओळख होते ती चर्चेतून. १९९२ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाला अपक्ष उभे राहिलेले रॉस पेरो यांना चर्चेआधी चाचण्यांत दहा टक्क्यांच्या आतच पाठिंबा होता. त्यांना मंचावर घेतलं. शेवटी जवळजवळ १९ टक्के मतं पडली. १९९६ मध्ये त्यांना ‘जिंकण्याची वास्तव शक्यता नाही’ म्हणून वगळलं आणि ८ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. चर्चेमुळेच असं झालं असं मी म्हणणार नाही, दोन्ही वर्षं वेगळी होती. पण मिनेसोटाचं उदाहरण बघा. १९९८ मध्ये गव्हर्नरपदासाठी कुस्तीपटू जेसी व्हेंचुरा उभे होते. सप्टेंबरमध्ये त्यांचा पाठिंबा १० टक्क्यांच्या आसपास. त्यांच्या रिफॉर्म पार्टीला आधीच्या मतांमुळे त्या राज्यात ‘मोठा पक्ष’ असा दर्जा होता, म्हणून त्यांना दोन्ही प्रमुख उमेदवारांबरोबर चर्चेत जागा मिळाली. नोव्हेंबरमध्ये ते ३७ टक्के मतं घेऊन निवडून आले. तिथे १५ टक्क्यांची अट असती तर मिनेसोटाच्या मतदारांनी आपला पुढचा गव्हर्नर चर्चेत ऐकलाच नसता.

आणि हा १५ चा आकडा आला कुठून हेही पाहा. १९८० मध्ये चर्चा ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ ही नागरिकांची संघटना घ्यायची. अपक्ष जॉन अँडरसन यांच्यासाठी त्यांनी १५ टक्क्यांची अट लावली आणि अँडरसन त्यात बसले. लगेच राष्ट्राध्यक्ष कार्टर म्हणाले, ते असतील तर मी येणार नाही. २१ सप्टेंबरला बाल्टिमोरमध्ये रेगन आणि अँडरसन दोघांचीच चर्चा झाली. पुढे अँडरसन यांचा आकडा घसरला, त्यांना वगळलं गेलं, आणि मग २८ ऑक्टोबरला क्लीव्हलंडमध्ये कार्टर रेगनसमोर आले. १९८७ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून चर्चांसाठी स्वतःचं कमिशन काढलं, आणि पुढच्याच वर्षी लीगने अंग काढून घेतलं. दोन्ही प्रचारयंत्रणांच्या अटी मान्य करणं म्हणजे मतदारांची फसवणूक, असं जाहीर सांगून. पुढे याच कमिशनने २००० पासून १५ टक्क्यांची अट कायम केली. तिथपासून २०२० पर्यंत तिसरा एकही उमेदवार त्या मंचावर आला नाही.

आकडा असला तरी तो कोणी ठरवला आणि कोणाच्या सोयीने, हा वाद शिल्लक राहतोच. तुमच्याकडे हे लहान प्रमाणात होणार आहे. महापौरबाईंच्या कार्यालयातून फोन येईल: ‘आणखी कोण कोण आहे? अकरा जण असतील तर आमचं जमणार नाही.’ म्हणून माझा पहिला सल्ला: नियम लिहून, समितीत मंजूर करून, वेबसाइटवर लावा, आणि मगच पहिलं निमंत्रण पाठवा. निमंत्रणात लिहा की कोणी आलं नाही तर चर्चा होईल आणि गैरहजेरी सांगितली जाईल. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१९ ला चॅनल फोरच्या हवामान बदलावरच्या चर्चेला बोरिस जॉन्सन आणि नायजेल फराज आले नाहीत तेव्हा वाहिनीने त्यांच्या जागी बर्फाची शिल्पं ठेवली होती. जॉन्सन यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची तक्रार ऑफकॉमने, म्हणजे तिथल्या प्रसारण नियामक संस्थेने, फेटाळली. रेडिओवर शिल्पाची गरज नाही, निवेदकाचं एक वाक्य पुरतं.

कायद्याचं विचारलंत. कॅनडात सीआरटीसीची, म्हणजे प्रसारण नियामक संस्थेची, अपेक्षा अशी की निवडणूक काळात सर्व उमेदवारांना न्याय्य वेळ मिळावा. सारखाच वेळ मिळावा असं नाही. प्रत्येक चर्चेत प्रत्येक उमेदवार असलाच पाहिजे ही अट त्यांनी १९९५ मध्ये सोडून दिली. मात्र एकूण कार्यक्रमांतून श्रोत्यांना सगळ्या उमेदवारांची पुरेशी माहिती मिळाली पाहिजे ही जबाबदारी कायम आहे. म्हणजे चौघांना बोलावून बाकी सातांकडे पाठ फिरवणं तुम्हाला चालणार नाही. हे मॅनेजरांना आधी सांगा.

दक्षिणवारा

वेलिंग्टनहून लिहिते आहे. आमच्याकडे हे प्रकरण थेट हायकोर्टात गेलं होतं.

२००५ च्या निवडणुकीत टीव्ही-थ्री वाहिनीने एका चाचणीच्या आधारे पक्षनेत्यांची चर्चा सहा जणांपुरती ठेवली. पीटर डन आणि जिम अँडरटन हे छोट्या पक्षांचे दोन नेते बाहेर. दोघेही तेव्हा संसदेत, अँडरटन तर मंत्री. शिवाय न्यूझीलंडच्या पद्धतीत ५ टक्के मतं नसली तरी एखादा मतदारसंघ जिंकला की पक्ष संसदेत येतो, आणि हे दोघे आपापले मतदारसंघ हमखास जिंकणारे. देशभरातल्या टक्केवारीत हे दिसतच नाही. दोघे न्यायालयात गेले, न्यायालयाने दोघांना घ्यायला सांगितलं आणि मंचावर आठ नेते उभे राहिले. निवडणुकीनंतर दोघेही मंत्री झाले. एका चाचणीतल्या दशांशांवरून वाहिनी ज्यांना गाळत होती, ते पुढची तीन वर्षं मंत्रिपदावर होते!

पण २०१७ मध्ये उलट झालं. टीव्हीएनझेड या सरकारी वाहिनीने अट ठेवली होती की त्यांच्या चाचणीत पक्षाला ३ टक्के तरी हवेत. गॅरेथ मॉर्गन यांचा ऑपर्च्युनिटीज पक्ष कोर्टात गेला आणि हरला. शेवटी त्यांना २.४ टक्के मतं पडली. या वेळी अट स्पष्ट होती आणि तिच्यात बसायला एकाहून जास्त चाचण्यांची संधी होती. दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर मला असं वाटतं की न्यायालय वाहिनीच्या संपादकीय निर्णयात सहसा पडत नाही, पण निकष आणि निवडणुकीची पद्धत यांचा मेळच नसेल तर पडतं.

सरोवरकाठ, तुमच्याकडे पक्ष नाहीत, वॉर्ड आहेत. तुमचा निकष वॉर्डांशी जोडता आला तर बघा.

मलप्रभा

मी बेळगाव जिल्ह्यातला, खानापूरकडचा. ‘उमेदवार फार झाले’ हे वाक्य आमच्या भागात वेगळ्या कानाने ऐकलं जातं.

१९९६ च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीच्या बाजूच्या लोकांनी मोठ्या संख्येने अर्ज भरले. त्यांपैकी कोणाला खासदार व्हायचं नव्हतं. अर्ज भरणं हेच त्यांचं म्हणणं मांडणं होतं. त्याच निवडणुकीत आंध्रातल्या नलगोंड्याला ४८० उमेदवार होते, तिथे पाण्याचा आणि फ्लोराइडचा प्रश्न होता. त्यानंतर लोकसभेची अनामत रक्कम ५०० वरून १०,००० रुपये झाली. म्हणजे प्रश्न सुटले नाहीत, उभं राहणं तेवढं महाग झालं.

४५६ जणांना कुठलीच वाहिनी बसवू शकत नाही, हे मला कळतं. पण ‘यांना कोण ओळखतं’ म्हणणाऱ्या तुमच्या मॅनेजरांनी एवढं लक्षात घ्यावं की छोटा उमेदवार बऱ्याचदा जिंकायला नाही, एखादी गोष्ट ऐकवायला उभा राहतो. तुमच्या त्या रात्रपाळीच्या बाई बहुतेक तशाच आहेत. बसची गोष्ट शहराच्या कानावर पडली तर त्यांचं काम झालं.

आपल्याकडची पद्धत सांगतो, उपयोगी पडेल. दूरदर्शन आणि आकाशवाणीवर पक्षांना मोफत वेळ द्यायची योजना निवडणूक आयोगाने १९९८ मध्ये आणली. २००३ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात ३९-अ हे कलम घालून वेळवाटपाला कायद्याचा आधार दिला. तिची रचना अशी: प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाला आधी सारखा मूळ वेळ, आणि त्यावर मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीप्रमाणे जादा वेळ. तिच्यात एक मोठी उणीव आहे, अपक्षाला काहीच नाही. खाजगी मराठी वाहिन्यांवर तर ‘महाचर्चे’ला कोण बसणार हे कुठल्या निकषावर ठरतं ते प्रेक्षकाला कधी सांगितलंच जात नाही. पण ‘आधी सगळ्यांना सारखा वाटा, मग जादा’ ही कल्पना मला पटते. तुम्ही ती अपक्षांसकट वापरू शकता. अकराही जणांची तीन-तीन मिनिटं आधी रेकॉर्ड करा. तेहेतीस मिनिटांचा कार्यक्रम होतो. तो लावा, पुन्हा लावा. आणि थेट चर्चा वेगळी ठेवा.

सरोवरकाठ

सगळ्यांचे खरंच खूप आभार. मलप्रभा, तुमची तीन मिनिटांची कल्पना मी काल मॅनेजरांना सांगितली, त्यांनाही पटली. स्टुडिओ संध्याकाळी रिकामाच असतो.

पण ते गृहस्थ अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. आपण ठरवू त्या निकषांत ते बसले तर? माझा मुलगा इथे शाळेत जातो. मी ज्या स्टेशनवर दर रविवारी बोलते तिथून त्याच्यासारख्या मुलांबद्दल कोणी तसं बोलावं हे मला सहन होणार नाही. समितीत एकाने सुचवलं की नियमातच ‘समाजात तेढ निर्माण करणाऱ्यांना निमंत्रण नाही’ असं कलम घालू. घालावं का?

सोलापूर_ओटावा

ताई, तुमचं दुःख मला समजतं आणि ते खोटं नाही. तरीही ते कलम घालू नका. का ते सांगतो.

अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये १९९२ साली काँग्रेसच्या एका जागेसाठी राल्फ फोर्ब्स नावाचे अपक्ष उभे होते. पूर्वी अमेरिकन नाझी पार्टीत राहिलेला माणूस. २,००० सह्या गोळा करून मतपत्रिकेवर आले होते. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शैक्षणिक वाहिनीने चर्चेला फक्त दोन मोठ्या पक्षांचे उमेदवार बोलावले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे १९९८ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी वाहिनी जिंकली. पण कशाच्या जोरावर, ते महत्त्वाचं आहे. वगळण्याचं कारण त्यांचे विचार हे नव्हतं, जनतेत त्यांना पाठिंबा दिसत नव्हता हे होतं, असं ज्यूरीने मान्य केलं होतं. विचारांमुळे वगळलं असतं तर वाहिनी हरली असती.

विरोधी निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचं म्हणणं मला आजही जास्त पटतं. त्यांनी दाखवून दिलं की याच फोर्ब्स यांना दोनच वर्षांपूर्वी लेफ्टनंट गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत ४६ टक्क्यांहून जास्त मतं पडली होती, आणि या मतदारसंघातल्या १६ पैकी १५ काउंट्यांत ते पुढे होते. मग ‘पाठिंबा नाही’ हे वाहिनीतल्या लोकांनी कशावरून ठरवलं? लिहिलेला निकषच नव्हता. माणूस कितीही नावडता असला तरी मोजपट्टी आधी हवी, हे स्टीव्हन्स सांगत होते. बहुमताचीही एक बाजू होती, तीही सांगतो. खालच्या न्यायालयाने फोर्ब्स यांच्या बाजूने निकाल दिल्यावर नेब्रास्काच्या सरकारी वाहिनीने १९९६ ची सिनेट उमेदवारांची चर्चाच रद्द करून टाकली. सगळ्यांना घ्यावं लागणार म्हणून कोणालाच नाही! तोटा मतदारांचा.

आणि वगळल्याने असा उमेदवार नाहीसा होतो असंही नाही. तुमच्या शेजारचंच उदाहरण. टोरांटोच्या २०१८ च्या महापौर निवडणुकीत कडव्या उजव्या विचारांच्या फेथ गोल्डी यांना जवळपास सगळ्या चर्चांतून बाहेर ठेवलं गेलं. त्या तिसऱ्या आल्या, ३.४ टक्के मतं घेऊन. ३.४ टक्के थोडी आहेत हे खरं. पण ‘आम्हाला बोलू दिलं नाही’ हा प्रचार त्यांना फुकट मिळाला. मी स्वतः त्यांना स्टुडिओत बोलवायला उत्सुक नव्हतो. माझी बायको हिजाब घालणाऱ्या मैत्रिणींबरोबर शिकवते, कोणाबद्दल काय बोललं जात होतं ते मला घरी ऐकायला मिळायचं. तरी लिहिलेला निकष असता आणि त्या त्यात बसल्या असत्या, तर मी दार उघडलं असतं आणि सूत्रसंचालनाला आमच्याकडचा सगळ्यात तयारीचा माणूस बसवला असता.

तुम्ही करू शकता ते हे. निकष विचारांचा नको, पण वागण्याचे नियम ठेवा, आणि ते सगळ्यांना सारखे: दुसऱ्याच्या वेळेत बोलल्यास माइक बंद, कॅनडाच्या फौजदारी कायद्यातल्या द्वेष-प्रसाराच्या कलमांत येणारं बोलणं थांबवलं जाईल, आणि प्रत्येक आकड्याचा स्रोत निवेदक विचारेल. ‘खड्डे परदेशी लोकांमुळे’ म्हणणाऱ्याला पालिकेच्या रस्तेदुरुस्तीच्या बजेटवर चार नेमके प्रश्न विचारले तर त्याच्याकडे काय आहे ते श्रोत्यांना स्वच्छ ऐकू येतं.

एडिसनकर

वरचं सगळं वाचलं. १५ टक्के ताईंच्या शहरात लागू होत नाहीत हे मान्य. पण मंचावर किती जण याची मर्यादा हवीच. २०१५ मध्ये फॉक्स वाहिनीने क्लीव्हलंडला राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन इच्छुकांसाठी पहिले दहा मुख्य वेळेत आणि उरलेले सात संध्याकाळी पाचला असं केलं, तेव्हा पाचच्या गटावर दुय्यमपणाचा शिक्का बसला. त्यापेक्षा डेमोक्रॅट्सनी २०१९ मध्ये मायामीत जे केलं ते बरं होतं. २० जण पात्र ठरले, मग चिठ्ठ्या टाकून दहा-दहाचे दोन गट, सलग दोन रात्री. त्यांच्या पात्रतेत ६५,००० देणगीदार हाही एक पर्याय होता. तो मात्र घेऊ नका, लोक एकेक डॉलर मिळवायला फेसबुकवर जाहिरातींचा पैसा ओतत होते.

सरोवरकाठ

समितीपुढे ठेवायचा मसुदा लिहिलाय. बघा कसा वाटतो.

सर्व अधिकृत उमेदवारांना तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग, प्रसारणाचा क्रम चिठ्ठ्या टाकून, तीन वेगवेगळ्या वेळी पुनःप्रसारण, संपादन नाही. थेट चर्चेसाठी आधी एक अट सगळ्यांना: शहराच्या कारभारावरच्या दहा प्रश्नांची लेखी उत्तरं मुदतीत द्यायची, ती आम्ही जशीच्या तशी वेबसाइटवर लावू. त्यानंतर पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट: शहरात पूर्वी निवडून आलेलं पद (शाळा मंडळही धरून), किंवा मागच्या कुठल्याही पालिका निवडणुकीत ५ टक्के मतं, किंवा २०० रहिवाशांच्या सह्या, त्या निदान अर्ध्या वॉर्डांतून. सह्या मतदारांच्याच हव्यात असं नाही, इथे राहणारं कोणीही चालेल. विद्यार्थी आणि वर्क परमिटवरचे लोकही याच बसने जातात. सहापेक्षा जास्त पात्र ठरले तर चिठ्ठ्या टाकून दोन संध्याकाळी.

वॉर्डांची सूचना दक्षिणवारा यांची, त्यांचे विशेष आभार. रात्रपाळीच्या बाईंना २०० सह्या मिळतील की नाही मला माहीत नाही. पण मिळवायचा रस्ता आहे, आणि तो सगळ्यांना सारखा आहे.

दक्षिणवारा

सह्यांचा निकष चांगला आहे. फक्त त्या तपासणार कोण हे लिहा. ज्याचा कोणत्याही उमेदवाराच्या प्रचाराशी संबंध नाही असे तीन जण ठरवा, आणि नकार देताना एका ओळीचं का होईना लेखी कारण द्या. आमच्याकडच्या खटल्यांत वाहिनीने कारण काय दिलं यावरच सगळा किस पडला होता.

सोलापूर_ओटावा

मसुदा उत्तम आहे. माझ्या दोन दुरुस्त्या.

एक, तारखा. २०२५ च्या कॅनडाच्या फेडरल निवडणुकीत ग्रीन पार्टीचं काय झालं आठवतंय ना? पक्षनेत्यांच्या चर्चा घेणाऱ्या लीडर्स डिबेट्स कमिशनच्या तीन निकषांपैकी दोन पूर्ण करायचे होते: निवडून आलेला एक खासदार, चाचण्यांत ४ टक्के, किंवा ९० टक्के मतदारसंघांत उमेदवार. ग्रीनकडे खासदार होते, आणि ३४३ उमेदवारांची यादी त्यांनी वेळेत दिली. पात्र ठरले. नंतर कळलं की मतपत्रिकेवर प्रत्यक्षात २३२ च आहेत. १६ एप्रिलला, म्हणजे फ्रेंच चर्चेच्या दिवशी सकाळी, कमिशनने निमंत्रण मागे घेतलं. माझ्या मते कमिशनचा हेतू रास्त होता: देशभर लढण्याचा दावा करून मुद्दाम जागा सोडणाऱ्याला तो निकष लावता येत नाही. पण अर्जांची मुदत ७ एप्रिललाच संपली होती. आकडा त्याच आठवड्यात मोजायला हवा होता, आणि तसं नियमात लिहायला हवं होतं. चर्चेच्या दिवशी सकाळी दार बंद केल्यावर कोणालाच ते न्याय्य वाटलं नाही. तुमच्याकडे अर्जांची मुदत २१ ऑगस्टला संपते. त्यानंतर तीन आठवडे सह्यांना द्या, मग तपासणी, मग यादी जाहीर, हरकतीसाठी चार दिवस. त्यानंतर यादी बदलायची ती फक्त कोणी माघार घेतली तरच.

दोन, तुमचा रविवारचा मराठी कार्यक्रम. तिथे तुम्ही साहजिकच निवडणुकीबद्दल बोलाल, आणि मंडळात ओळखीचा एखादा उमेदवार ‘पाच मिनिटं आपल्या लोकांशी बोलतो’ म्हणून येईल. न्याय्य वेळेची जबाबदारी त्या अर्ध्या तासालाही लागू आहे, भाषा कुठलीही असो. एकाला घेतलंत तर अकराही जणांना तशी संधी द्या, किंवा सगळ्यांच्या तीन मिनिटांचा मराठी गोषवारा त्याच चिठ्ठ्यांच्या क्रमाने वाचा. त्या गृहस्थांचाही.